खेळाडूंच्या फिर्यादींचे दप्तर

जुन्या धाटणीने नव्याने रचलेला एखादा व्हिडिओ गेम बाजारात आला की त्याविषयी खेळणारे जे काही लिहितात ते सगळे वाचावे, त्याची प्रतवारी लावावी आणि निर्मात्यांनी ज्याची दखल घेतलीच पाहिजे असे त्यातून वेगळे काढून त्यांच्यापुढे ठेवावे, हे काम माझ्याकडे आले तेव्हा आमच्या कचेरीत त्याला स्वतंत्र हुद्दा नव्हता. पुण्यात बाणेरला असलेली आमची कंपनी परदेशी निर्मात्यांच्या खेळांची चाचणी करून देई. दोष हुडकणारे टेस्टर पुष्कळ होते. परंतु खेळ विक्रीस गेल्यावर लोकांचे त्याविषयी काय मत पडते हे पाहणे ही चाचणीचीच शेवटची पायरी आहे, ही जाणीव तेव्हा थोड्यांनाच होती. मला ती होती, म्हणून हे काम मी आपण होऊन मागून घेतले आणि पुढे बरीच वर्षे मनापासून केले.

ज्या खेळाच्या निमित्ताने या व्यवसायातील सर्वांत मोलाचे शिक्षण मला मिळाले, त्याचे नाव कराराच्या अटींमुळे येथे घेता येत नाही. युरोपातील काही तरुणांच्या एका लहानशा मंडळीने तो रचला होता. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जायचे, वाटेत येणाऱ्या शत्रूंवर गोळ्या झाडायच्या, त्यांच्या गोळ्या उड्या मारून चुकवायच्या आणि प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस एका अजस्र बॉसशी झुंजायचे, हा त्याचा घाट. आणि सगळी चित्रे उघड्या डोळ्यांनी चौकोन मोजता यावेत अशा ठसठशीत पिक्सेलांची. कोनामीचा १९८७ चा ‘कॉन्ट्रा’, मेगा ड्राइव्ह यंत्रावरचा १९९४ चा ‘कॉन्ट्रा: हार्ड कोअर’ आणि निओ जिओवरचा १९९६ चा ‘मेटल स्लग’ ही त्याची वंशावळ. ती निर्मात्यांनी लपवली नव्हती, उलट अभिमानाने मिरवली होती. आणि त्यामुळेच खेळ विकत घेणारा प्रत्येक जण आपल्या स्मरणातला एक जुना खेळ बरोबर घेऊन येत होता व नव्या खेळाची तुलना त्याच्याशी करीत होता.

आमचा खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानात विकला जाई. तेथे खेळाडूला निवाडा एवढाच द्यायचा असतो, की शिफारस आहे अथवा नाही. त्यापुढे त्याने हवे तेवढे लिहावे. आणि त्याने खेळ किती तास खेळला आहे याची नोंद त्या लिखाणासोबत आपोआप होते. एकंदर रिव्ह्यूंपैकी अनुकूल किती याची टक्केवारी काढून खेळाच्या नावापुढे शेरा पडतो. हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली उतरले की शेरा ‘मिश्र’ असा होतो, आणि तो वाचून गिऱ्हाईक माघारी फिरते या भीतीने निर्मात्यांचे सगळे चित्त त्या एका आकड्यात गुंतलेले असते. मला तासांची नोंद अधिक बोलकी वाटे. दहा मिनिटांत प्रतिकूल मत देऊन निघून गेलेला माणूस बहुधा दुसरेच काही शोधायला आलेला असतो. परंतु तीस-चाळीस तास खेळून, शेवटचा बॉस पुन्हा पुन्हा पाडून, आणि मग शिफारस नाही असे लिहिणारा माणूस त्या खेळावर प्रेम करणारा आणि त्या प्रेमापोटीच रागावलेला असतो. त्याची जबानी मी एक अक्षर न गाळता वाचीत असे, आणि माझ्या साप्ताहिक अहवालात तिला पहिले स्थान देत असे.

पहिल्या काही आठवड्यांत आलेल्या प्रतिकूल मतांचा मोठा भाग एकाच तक्रारीने व्यापलेला होता, ती म्हणजे खेळ फार अवघड आहे. निर्मात्यांना ही तक्रार ऐकून विशेष वाईट वाटले नाही, कारण अवघड खेळ करण्याचाच त्यांचा संकल्प होता, आणि अनुकूल मतांतही नेमक्या याच गोष्टीची भरभरून स्तुती आढळत होती. दोन पक्षांची रुची भिन्न आहे, यात करण्यासारखे काही नाही, असा त्यांचा कल दिसू लागला. मला ते पटेना. स्तुती करणारे आणि निंदा करणारे खेळाच्या एकाच जागेविषयी बोलत आहेत काय, हे कोणी पडताळून पाहिलेले नव्हते. म्हणून प्रत्येक तक्रारीतून मरण कोठे आले, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या शत्रूसमोर, एवढाच तपशील मी टिपून काढू लागले, आणि चाचणी विभागातील एका सहकाऱ्याला त्या जागा खेळायला सांगून त्याचे चित्रमुद्रण आम्ही दोघे एकेक फ्रेम थांबवीत पाहू लागलो.

त्यातून जे निघाले ते मला आजही महत्त्वाचे वाटते. पाचव्या टप्प्यावरचा बॉस हा निःसंशय खेळातील सर्वांत क्रूर शत्रू. पण त्याच्याविषयीची तक्रार नगण्य आणि स्तुती अपार होती. फिर्यादींचा सगळा रोख तिसऱ्या टप्प्यावर, एका जळत्या कारखान्यावर होता, आणि तेथले शत्रू तर तुलनेने दुबळेच होते. चित्रमुद्रण थांबवून पाहिल्यावर उमगले, की तेथील स्फोटांचा नारिंगी रंग आणि शत्रूच्या गोळ्यांचा रंग जवळजवळ एकच आहे, आणि धुराचे लोट गोळ्यांच्या वरच्या थरात रेखाटले जात असल्यामुळे गोळी क्षणभर धुरात नाहीशी होऊन एकदम नायकाच्या छातीशीच प्रकट होते. खेळाडू मरत होता आणि आपण कशाने मेलो हे त्याला कळत नव्हते. पाचव्या टप्प्यावर तो त्याहून कितीतरी अधिक वेळा मरत असे, पण प्रत्येक मरणाचा पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर असे, आणि पुढच्या खेपेस काय करायचे याचा निश्चय करूनच तो पुन्हा उभा राही. शिक्षा कितीही कठोर असो, तिच्यामागचा गुन्हा आपला आहे हे दिसले की खेळाडू ती आनंदाने भोगतो. आणि त्याने अवघडपणाच्या नावाने केलेली फिर्याद बहुतेक वेळा न्यायाची असते, हे तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे.

निर्मात्यांनी गोळ्यांना शुभ्र गाभा आणि गडद कड दिली व त्यांना सर्व धुराच्या आणि ठिणग्यांच्या वर आणून ठेवले. एकाही शत्रूचे बळ त्यांनी कमी केले नाही, एकही गोळी वगळली नाही. तरी त्या अपडेटनंतर तिसऱ्या टप्प्याविषयीची ओरड ओसरत गेली, आणि ज्यांनी प्रतिकूल मत दिले होते त्यांपैकी काहींनी परत येऊन आपला निवाडा बदलला.

उड्यांचा मामला याहून नाजूक होता. बटण दाबले पण नायकाने उडीच मारली नाही आणि तो दरीत गेला, अशा फिर्यादी सतत येत. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेम या गतीने चाले, म्हणजे एका फ्रेमचा अवधी जेमतेम १७ मिलिसेकंद; आणि मुद्रण तपासता असे दिसे, की कड्यावरून पाय सुटल्यावर एकदोन फ्रेमांनी बटण दाबले गेले आहे. कागदोपत्री खेळ निर्दोष होता. पण माणसाचा डोळा आणि अंगठा इतक्या सूक्ष्म कालाचा हिशेब ठेवू शकत नाही. आपण कड्यावर असतानाच बटण दाबले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि शिवाय घरच्या मोठ्या टीव्हीवर चित्र उमटायला लागणारा विलंब त्याच्याविरुद्ध भरीस पडतो. यावर तोड म्हणून कड्यावरून सुटल्यानंतरही काही फ्रेमांपर्यंत उडी मान्य करण्याची पद्धत या व्यवसायात रूढ आहे. हवेत धावत जाणाऱ्या व्यंगचित्रातील प्राण्यावरून तिला कोयोटी टाइम म्हणतात. नायकाचा हिटबॉक्स, म्हणजे गोळी लागली असे ज्या क्षेत्रात धरले जाते ते क्षेत्र, चित्राहून थोडे लहान ठेवण्याची प्रथाही याच जातीची. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, तसा तो येथे खेळाडूला मिळतो. आमच्या निर्मात्यांचा आक्षेप असा, की जुन्या खेळांत असल्या सवलती नव्हत्या आणि त्या दिल्या तर खेळाचा जुनेपणा भ्रष्ट होईल. त्यावर आमचा बराच पत्रव्यवहार झाला, आणि मी तो अजून जपून ठेवला आहे, कारण जुनेपणा म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला त्या निमित्ताने पहिल्यांदा मनापासून सोडवावा लागला.

जुना काळ मी स्वतः पाहिलेला होता. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे जी टीव्ही गेमची यंत्रे मिळत ती निंटेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या; खेळाच्या काडतुसाला आम्ही मुले कॅसेटच म्हणत असू, आणि ‘कॉन्ट्रा’ नसलेली कॅसेट ही कॅसेटच नव्हे अशी आमची धारणा होती. सांगलीला मे महिन्याच्या सुट्टीत माझा थोरला भाऊ आणि मी तो जोडीने खेळत असू. एका गोळीसरशी प्राण जाई, तीन प्राण मिळत, आणि ‘एस’ अक्षराची पंख्यासारखी पसरणारी बंदूक कोणी घ्यायची यावरून रोजचे भांडण ठरलेले असे. त्यातल्या धबधब्याच्या टप्प्यावर पडदा वर वर सरकत जातो, आणि दोघांपैकी जो भरभर चढतो तो मागे राहिलेल्याला पडद्याच्या खालच्या कडेशी ठार करतो. दादा चढत असे आणि मी मरत असे. तो अन्याय मला आजही अन्यायच वाटतो. त्यावर माझे प्रेम बसले असे मी म्हणणार नाही. प्रेम बसले ते त्या खेळाच्या अचूक उडीवर, हवेत असतानाही दिशा बदलू देणाऱ्या त्याच्या औदार्यावर आणि पहिल्या टप्प्यावर पायाखाली स्फोट होत जाणाऱ्या पुलावर.

हा भेद आमच्या निर्मात्यांना पटवून देण्यासाठी मला एका ऐतिहासिक दाखल्याचा फार उपयोग झाला. जुन्या खेळांच्या निर्दयतेचा आदर्श म्हणून ज्याचे नाव ते वारंवार घेत, त्या ‘हार्ड कोअर’च्या जपानी आवृत्तीत नायक तीन आघात सोसू शकतो आणि पुन्हा सुरू करण्याची मुभा अमर्याद आहे; अमेरिकेत विकलेल्या आवृत्तीत मात्र एका आघाताने मरण येते आणि ती मुभाही मोजकीच आहे. म्हणजे ज्या कठोरपणाला अमेरिकेत वाढलेल्या खेळाडूंची एक पिढी मूळ धर्म समजत आली, तो एका बाजारपेठेसाठी केलेला फेरफार होता. फॅमिकॉमची तीच गोष्ट. त्या यंत्राला एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक हलती चित्रे दाखवता येत नसत, म्हणून गर्दी झाली की आकृत्या लुकलुकत. फार शत्रू जमले की खेळाची गती मंदावे, आणि त्या मंदगतीत खेळाडूला गोळ्यांतून वाट काढायला अवसर मिळे. ती यंत्राची असमर्थता होती, पण तिने नकळत दया दाखवलेली होती. नवे यंत्र मंदावत नाही, म्हणून तीच गर्दी नव्या खेळात जशीच्या तशी उतरवली तर ती मूळ खेळापेक्षा अधिक निष्ठुर होते, आणि खेळाडू लिहितात की हे जुन्या खेळासारखे वाटत नाही. ते बरोबर लिहितात. उड्यांची सवलत अखेर मान्य झाली. तिचा उल्लेख कोठेही केला गेला नाही, आणि नव्या उड्या जुन्या खेळांसारख्याच नेमक्या झाल्या आहेत असे अनेक जुन्या खेळाडूंनी कौतुकाने कळवले.

चित्रांविषयीच्या तक्रारी वाचताना मला आपल्या देशाची परिस्थिती आठवे. हा खेळ ३२० बाय १८० पिक्सेलांच्या चौकटीत रेखाटलेला होता. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर तो बरोबर सहापट होतो आणि प्रत्येक चौकोन नीट बसतो. पण स्वस्त लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असे, आणि तेथे १८० ला कोणत्याही पूर्णांकाने गुणून ७६८ येत नाहीत. मग काही चौकोन चार ठिपक्यांचे आणि काही पाच ठिपक्यांचे होतात, आणि पडदा सरकू लागला की नायकाच्या चेहऱ्यावर लाटा उठल्यासारखे दिसते. भारतातून आणि ब्राझीलमधून आलेल्या रिव्ह्यूंत ही फिर्याद पुन्हा पुन्हा येई, आणि निर्मात्यांच्या टेबलावरील उत्तम पडद्यांवर तो दोष कधीच दिसला नसल्यामुळे त्यांना तो प्रथम खराच वाटेना. आमच्या कचेरीतल्या एका जुन्या लॅपटॉपवरचे मुद्रण पाठवल्यावर त्यांची खात्री पटली. कडेला काळी पट्टी सोडून चौकोन अखंड ठेवण्याचा पर्याय पुढच्या अपडेटमध्ये आला. मला त्या छोट्याशा सुधारणेचा फार आनंद झाला, कारण ज्यांच्याजवळ पैसा कमी त्यांच्या वाट्याला खेळ वेडावाकडा यावा हे मला मनापासून खुपत होते.

स्क्रीनशेकचा प्रश्न मात्र असा नव्हता, की एक बाजू बरोबर आणि दुसरी चूक. गोळी सुटताच पडदा हादरणे, शत्रू पडताच काळ क्षणार्धासाठी गोठणे, बंदुकीच्या तोंडाशी लखलखाट होणे, यांनी पडद्यावरच्या चार ठिपक्यांना वजन येते. नेदरलँड्समधील व्लॅम्बिर या जोडगोळीपैकी यान विलेम नायमन यांनी २०१३ साली एका व्याख्यानात हेच उपाय एकेक करून साध्या खेळावर चढवून दाखवले, आणि त्यानंतर या प्रकारचे खेळ रचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ते अभ्यासले. आमच्या खेळाची अनुकूल मते वाचताना दिसे, की खेळाडूंना हे सुख मिळते पण त्याचे कारण सांगता येत नाही. बंदूक हातात भरीव वाटते, एवढेच ते लिहीत. परंतु त्याच हादऱ्यांनी काहींना घेरी येत होती, आणि लखलखाटाचा प्रश्न त्याहूनही गंभीर होता. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातील तांबड्या-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. झगमगाट म्हणजे केवळ शोभा असे त्यानंतर कोणालाही म्हणता येत नाही. गोळ्यांचे रंग ठरवतानाही हाच विचार करावा लागला, कारण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना तांबडा आणि हिरवा नीट वेगळा ओळखता येत नाही. हादरे शून्यापर्यंत उतरवता यावेत, लखलखाट मंद करता यावा आणि गोळ्यांचे रंग बदलता यावेत, अशी तजवीज झाल्यावर ज्या खेळाडूंची पत्रे आली त्यांत रागाचा लवलेश नव्हता. त्यांनी एवढेच कळवले होते, की आता आम्हालाही खेळता येते. माझ्या दप्तरातील कागदांत मी सर्वांत वर ठेवते ते हे.

लांबीविषयी लिहायचे तर ती फिर्याद कधी मिटलीच नाही. सराईत खेळाडू आमचा खेळ दीड तासात पुरा करी, आणि खरेदीपासून १४ दिवसांच्या आत व २ तासांहून कमी खेळलेला खेळ परत करून पैसे घेण्याची मुभा स्टीमने २०१५ पासून दिलेली आहे. जुन्या काळी अवघडपणा हीच लांबी होती. अर्ध्या तासाचा खेळ महिनोन्‌महिने पुरे, कारण तो पुरा करणे महिनोन्‌महिने जमत नसे. हा हिशेब आजच्या बाजारात बसत नाही आणि त्यावर मला समाधानकारक उपाय सुचलेला नाही.

खेळाडूंना खेळ घडत असतानाच आत घेण्याचा एक मार्ग आहे. व्लॅम्बिरने आपला ‘न्यूक्लिअर थ्रोन’ २०१३ च्या ऑक्टोबरात अर्धवट अवस्थेतच अर्ली ॲक्सेसमध्ये विक्रीस ठेवला, लोकांच्या डोळ्यांदेखत तो रचला आणि २०१५ च्या डिसेंबरात पूर्ण केला. २०१६ साली आलेला ‘एंटर द गंजन’ प्रसिद्धीनंतर बदलत गेला. २०१८ च्या विस्ताराने त्यात निरनिराळ्या वस्तूंच्या जोड्या जमल्या की नवी शक्ती प्रकट होण्याची योजना घातली आणि खेळ पूर्वीपेक्षा उदार केला. हे खेळ मी खेळले आहेत, आणि त्यांच्या निर्मात्यांविषयी मला आदर आहे तो याचसाठी, की प्रत्येक मागणी त्यांनी मान्य केली नाही तरी खेळाडूंशी चाललेले संभाषण त्यांनी तोडले नाही. दुखते कोठे याबद्दल खेळाडूचा शब्द मी सहसा खरा मानते. उपायाबद्दल मात्र दहा जणांच्या दहा तऱ्हा असतात, आणि तेथे निवड करण्याचा अधिकार व जबाबदारी दोन्ही निर्मात्यांचीच राहते.

सोप्या प्रकाराच्या वादात ही जबाबदारी सर्वांत जड झाली. वाढते वय, हातांचे दुखणे किंवा निव्वळ वेळेचा अभाव यांमुळे ज्यांना तीन प्राणांत निभावणे अशक्य होते ते अधिक प्राण मागत होते, आणि जुने कसलेले खेळाडू त्याला कडाडून विरोध करीत होते. आपण शेकडो वेळा मरून जे मिळवले त्याचे मोल यामुळे उतरेल, ही त्यांची कैफियत होती आणि ती पोकळ नव्हती. मी अहवालात दोन्ही पक्ष सविस्तर मांडले आणि माझे मत स्पष्ट नोंदवले, की ज्या ‘कॉन्ट्रा’ची सर्व जण शपथ घेतात त्याच्यातही वर-वर-खाली-खाली असा सुरू होणारा संकेत बटणांवर दाबला की तीस प्राण मिळत, आणि ते वापरून खेळ पुरा करणाऱ्यांमुळे तीन प्राणांत पुरा करणाऱ्यांची शान कधी कमी झाली नाही. निर्मात्यांनी अधिक प्राणांचा प्रकार दिला, गुणांचा तक्ता त्याच्यासाठी निराळा ठेवला, आणि मूळ तीन प्राणांच्या तक्त्याला हात लावला नाही. विरोध करणाऱ्यांपैकी काही जण तरीही नाराज राहिले. नव्या प्रकारात खेळ पुरा करणाऱ्यांपैकी कित्येक जण पुढच्या महिन्यांत मूळ तक्त्यात आपले नाव लावण्यासाठी झटू लागलेले दिसले, आणि ते मी पुढच्याच अहवालात, दोन्ही तक्त्यांच्या नकला जोडून, कळवले.